ध्वनिक्षेपकांची घरातील मांडणी

विद्युत् संदेशाचे ऐकू येणाऱ्या ध्वनीत रूपांतर करणाऱ्या साधनास ध्वनिक्षेपक म्हणतात. घरात संगीत ऐकण्यासाठी वापरावयाचा मोठा ध्वनिक्षेपक सामान्यतः जमिनीवर उभा राहणारा, एक मीटर वा त्याहून उंच, पुष्कळदा ४० ते १०० किग्रॅ. वजनाचा आणि खालच्या स्वरांसाठी २५ ते ३८ सेंमी. व्यासाचा शंकू बसविलेला असा असतो. असे दोन ध्वनिक्षेपक खोलीत कोठे ठेवावयाचे, भिंतींपासून ते किती दूर असावेत, त्यांची तोंडे कोणत्या कोनात वळवावीत आणि श्रोत्याने कोठे बसावे हे प्रश्न वरकरणी गृहसजावटीचे वाटतात. वस्तुतः ते ध्वनिकीचे आहेत. नेहमीच्या आकारमानाच्या खोलीत दर सेकंदास सु. २०० कंपनांच्या (२०० हर्ट्‌झच्या) खालील स्वरांवर ध्वनिक्षेपकापेक्षा खोलीचेच राज्य चालते. तेच ध्वनिक्षेपक एका घरात भारदस्त व दुसऱ्या घरात घुमे वाटतात, याचे कारण हे होय. ही गोष्ट लक्षात येण्यास मात्र जवळजवळ अर्धे शतक लागले, कारण ध्वनिमुद्रिकेत जोवर खर्ज नव्हता, तोवर हा प्रश्नही नव्हता.

या प्रश्नाच्या दोन्ही बाजू दक्षिण महाराष्ट्रात जवळजवळ आढळतात. सांगली जिल्ह्यातील जत हे तालुक्याचे ठिकाण विजापूर व मिरज या दोन शहरांच्या जवळजवळ मधोमध असून दोहोंपासूनचे त्याचे सरळ अंतर सु. ६० किमी. आहे. विजापूरच्या आदिलशाहीच्या चाकरीतून उदयास आलेल्या डफळे घराण्याचे हे संस्थान १९४८ मध्ये मुंबई राज्यात विलीन झाले. तालुका पुढे दक्षिण सातारा जिल्ह्यात गेला व १९६० मध्ये त्या जिल्ह्यास सांगली हे नाव मिळाले. जतच्या पूर्वेस, आता कर्नाटकात असलेल्या विजापुरात मुहंमद आदिलशहाचा (कार. १६२७–५६) गोल घुमट आहे. पश्चिमेस मिरजेत एकोणिसाव्या शतकापासून सतारी व तंबोरे तयार होतात. या वाद्यांना २०२४ मध्ये भौगोलिक निर्देशन मिळाले. वास्तू ध्वनीचे काय करते हे गोल घुमटात कळते, तर ध्वनिक्षेपकाने व खोलीने ज्याला धक्का लावू नये असा स्वर मिरजेच्या तंबोऱ्यातून ऐकू येतो.

गोल घुमटाचा आतील व्यास सु. ३८ मी. आहे. एका कडेला काढलेला आवाज समोरच्या भिंतीवर आपटून परत येईपर्यंत सु. ७६ मी. प्रवास करतो व त्यास पाव सेकंदाच्या आसपास वेळ लागतो. एवढ्या विलंबाने आलेला ध्वनी कानास वेगळा कळतो, म्हणून तेथे प्रतिध्वनी मोजता येतात. भिंतीलगत केलेली कुजबूज वक्र भिंतीला बिलगून पलीकडच्या बाजूस पोहोचते, हा तेथील दुसरा चमत्कार होय. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ मध्ये लंडनच्या सेंट पॉल कॅथीड्रलमधील अशाच सज्जाचे निरीक्षण केले होते. घरातील पाच मीटर लांबीच्या खोलीतही समोरच्या भिंतीवरून ध्वनी परततो. परंतु तो एका सेकंदाच्या सु. ३ शतांश भागातच परततो. इतक्या थोड्या अवधीत आलेला ध्वनी कान वेगळा धरीत नाही, मूळ ध्वनीतच मिसळून घेतो. त्यामुळे घरात प्रतिध्वनी ऐकू येत नाही, पण मूळ ध्वनीचा रंग बदलतो. प्रतिध्वनी निदान दोष म्हणून ओळखता येतो. रंगबदलाचा दोष मात्र श्रोता बहुधा गायकाच्या, वादकाच्या किंवा मुद्रणाच्या माथी मारतो.

भोंग्याचा काळ : टॉमस एडिसन यांचा फोनोग्राफ १८७७ मधील व एमिल बर्लिनर यांची सपाट तबकडी १८८७ मधील. ग्रामोफोन कंपनीने १९०२ मध्ये कोलकात्यात भारतीय संगीताचे मुद्रण सुरू केले. पुढे दीर्घकाळ मिरजेत वास्तव्य केलेल्या अब्दुल करीमखाँ (१८७२–१९३७) यांच्या पहिल्या ध्वनिमुद्रिका १९०५ च्या सुमाराच्या आहेत. या काळात विजेचा संबंध नव्हता. गायक मोठ्या भोंग्यात तोंड घालून गाई, त्या दाबाने सुई मेणावर खाचा पाडी आणि घरी उलट क्रमाने तबकडीवरील सुई पडद्यास व पडदा भोंग्यातील हवेस हलवी. या साखळीतून साधारणपणे २०० ते २,५०० हर्ट्‌झ एवढाच पट्टा पार होत असे. तंबोऱ्याचा खर्ज व डग्ग्याची घुमक अशा मुद्रिकेत जवळजवळ उरतच नसे. उरलेल्या पट्ट्यातील ध्वनी भोंग्याच्या तोंडासमोर एकवटलेला असल्याने यंत्र तिवईवर ठेवावे, कोनाड्यात ठेवावे की ओसरीवर, याने फारसा फरक पडत नसे. व्हिक्टर कंपनीने १९०६ मध्ये भोंगा घडी करून लाकडी कपाटाच्या पोटात घातला आणि ध्वनियंत्र हे दिवाणखान्यातील फर्निचर झाले. त्याची जागा फर्निचर म्हणूनच ठरू लागली. ही सवय पुढे शंभर वर्षे त्रासदायक ठरली.

खर्जाचे आगमन : १९२५ हे या इतिहासातील निर्णायक वर्ष होय. त्या वर्षी विद्युत् मुद्रण बाजारात आले, आणि त्याच वर्षी चेस्टर राइस व एडवर्ड केलॉग या अमेरिकन अभियंत्यांनी हलत्या वेटोळ्याच्या ध्वनिक्षेपकाविषयीचा निबंध प्रसिद्ध केला. चुंबकाच्या फटीत तारेचे वेटोळे, त्याला चिकटविलेला कागदी शंकू आणि शंकूच्या कडेला मऊ आधार ही त्यातील रचना आजही बहुतेक ध्वनिक्षेपकांत टिकून आहे. शंकू पुढे सरकला की पुढची हवा दाबली जाते व त्याच क्षणी मागची विरळ होते. मागची लाट वळून पुढे आली तर दोन्ही एकमेकींस मारतात आणि खर्ज नाहीसा होतो. म्हणून शंकू फळीत किंवा पेटीत बसवावा लागतो. मोठ्या ध्वनिक्षेपकाच्या आकारमानाचे मूळ कारण हे आहे.

शंकूतून खर्ज निघू लागताच भिंतींचे महत्त्व पुढे आले. ५० हर्ट्‌झच्या ध्वनीची तरंगलांबी सु. ७ मी. असते. अशी लाट पेटीच्या तोंडातून झोताप्रमाणे पुढे न जाता सर्व दिशांना पसरते. ध्वनिक्षेपक मोकळ्या हवेत टांगलेला असेल, तर तिला पसरावयास पूर्ण गोल मिळतो. जमिनीवर अर्धा, जमीन व भिंत यांच्या सांध्यात पाव आणि कोपऱ्यात अष्टमांश. प्रत्येक पायरीस बाहेर पडणारी खर्जाची ध्वनिशक्ती सु. दुप्पट होते. सुरुवातीचे विवर्धक दुबळे होते. त्यामुळे कोपरा ही फुकटची शक्ती होती. मुंबईत १९२७ मध्ये नियमित नभोवाणी सुरू झाल्यानंतर मराठी घरांतील रेडिओ कोपऱ्यातील फळीवर बसला, तो एका अर्थी योग्य ठिकाणीच बसला. पॉल क्लिप्श यांनी ही कल्पना टोकास नेली. त्यांचा १९४६ पासून विकला गेलेला घडीचा भोंगा कोपऱ्यासाठीच बनविला होता. खोलीच्या दोन भिंती हे त्या भोंग्याचे शेवटचे टोक होते. हा ध्वनिक्षेपक कोपऱ्यापासून ओढून मध्ये ठेवला, तर त्याचा खर्ज कमी होतो. ध्वनिक्षेपकाची रचना व त्याची जागा यांचा एकत्र विचार झाल्याचे हे पहिले ठळक उदाहरण म्हणता येईल.

खोलीचे गणित : खोलीच्या बाजूचा अभ्यास त्यापूर्वीच सुरू झाला होता. हार्व्हर्ड विद्यापीठातील वॉलेस सॅबीन (१८६८–१९१९) यांच्याकडे १८९५ मध्ये एक नवे व्याख्यानगृह सुधारण्याचे काम आले. तेथे काढलेला शब्द पाच सेकंदांहून अधिक काळ घुमत राही. सॅबीन यांनी शेजारच्या नाट्यगृहातील आसनांच्या गाद्या रात्री उचलून आणून एकेक करून मांडल्या व निनाद किती उतरतो ते मोजले. खोलीचे घनफळ जेवढे अधिक तेवढा निनाद दीर्घ आणि शोषक पृष्ठभाग जेवढा अधिक तेवढा तो अल्प, असा नियम त्यांना मिळाला. पाच मी. लांब, ३·३ मी. रुंद व ३ मी. उंच अशी सिमेंटचा गिलावा व गुळगुळीत फरशी असलेली रिकामी खोली घेतली, तर या नियमाने तिचा निनादकाल सु. ३ सेकंद येतो. घरात संगीत ऐकण्यास तो अर्ध्या सेकंदाच्या आसपास असावा. त्यासाठी पूर्ण शोषक अशा सु. १६ चौ. मी. पृष्ठभागाइतके शोषण लागते. जाजम, लोड-तक्के, पडदे, पुस्तकांची कपाटे व माणसे मिळून ते भरून काढतात. जुन्या वाड्यातील दिवाणखान्यात बैठकीच्या वेळी हे सर्व आपोआपच असे.

तथापि निनाद आटोक्यात आला, तरी खर्जाचा प्रश्न सुटत नाही. दोन समांतर भिंतींमध्ये ज्या लाटेची अर्धी लांबी, किंवा तिची पूर्ण पट, नेमकी बसते, ती लाट जागच्या जागी उभी राहते व दीर्घकाळ टिकते. हिला स्थिर तरंग म्हणतात. वर घेतलेल्या खोलीत लांबीच्या दिशेने असे तरंग ३४·५, ६९ व १०३·५ हर्ट्‌झला पडतात, रुंदीच्या दिशेने सु. ५२ व १०४·५ हर्ट्‌झला आणि उंचीच्या दिशेने ५७·५ व ११५ हर्ट्‌झला. काही तरंग एकमेकांवर पडतात, तर काही ठिकाणी मोठी पोकळी राहते. लांबी, रुंदी व उंची यांची कोणती प्रमाणे घेतली असता हे तरंग समान विखुरतील, याचा विचार रिचर्ड बोल्ट यांनी १९४६ मध्ये मांडला. कोणत्या कंप्रतेच्या वर तरंगांची गर्दी इतकी होते की त्यांतला एकेक वेगळा जाणवत नाही, हे मान्फ्रेट श्रेडर यांनी १९५४ पासूनच्या संशोधनात दाखविले. उदाहरणातील खोलीत निनादकाल अर्धा सेकंद असता ही सीमा २०० हर्ट्‌झवर येते. प्रारंभी दिलेला आकडा त्यातूनच आला आहे.

पाश्चात्त्य ग्रंथांत या तरंगांचे विवेचन बहुधा ऑर्गन किंवा डबल-बास या वाद्यांच्या आधारे केलेले असते. हिंदुस्थानी संगीताच्या श्रोत्यास मात्र त्याची अधिक कडक कसोटी घरबसल्या मिळते. डबल-बासचा स्वर येतो व जातो. तंबोऱ्याचा खर्ज मैफल संपेपर्यंत एकाच कंप्रतेवर टिकून राहतो, आणि स्थिर तरंगास उभे राहण्यास नेमका असाच स्वर लागतो. पुरुष गायक काळी एकच्या पट्टीत गात असेल, तर तंबोऱ्याच्या खर्जाच्या तारेचा मूलस्वर सु. ६९ हर्ट्‌झ असतो. उदाहरणातील पाच मीटर खोलीचा दुसरा तरंग नेमका हाच. काळी चारमध्ये गाणाऱ्या गायिकेचा खर्ज सु. १०४ हर्ट्‌झ, आणि तेथे त्याच खोलीत लांबीचा तिसरा व रुंदीचा दुसरा तरंग एकत्र येऊन बसले आहेत. मिरजेच्या कारागिरांनी घोडीवर जवारी काढून तारेतून जे मिळविलेले असते, ते मूलस्वराचे बळ नव्हे, तर वरच्या उपस्वरांची समृद्धी असते; रामन यांनी १९२१ मध्ये तंबोरा व वीणा यांच्या घोडीच्या या वैशिष्ट्यावर स्वतंत्र निबंध लिहिला होता. खोली मूलस्वरास फुगविते आणि उपस्वरांची झिलई त्याखाली दाबली जाते. तंबोरा झंकारण्याऐवजी घुमू लागतो, डग्ग्याचे बोल एकमेकांत कालवले जातात आणि गायकाचा खालचा षड्‌ज कारण नसता जड होतो.

यावरील उपाय बहुधा पैशाचा नसून अंतराचा असतो. ६९ हर्ट्‌झच्या तरंगाचा दाब दोन्ही टोकांच्या भिंतींशी व खोलीच्या मध्यावर सर्वाधिक आणि भिंतीपासून १·२५ मी.वर जवळजवळ शून्य असतो. ध्वनिक्षेपकाचा शंकू त्या शून्याच्या जागी आणला की तो या तरंगास चेतवू शकत नाही. श्रोता मागच्या भिंतीपासून तेवढ्याच अंतरावर बसला, तर उरलासुरला तरंगही त्यास कमी ऐकू येतो. उलट, खोलीच्या बरोबर मध्यावर बसणाऱ्यास ६९ हर्ट्‌झ भरपूर व ३४·५ हर्ट्‌झ जवळजवळ नाही, असा विचित्र अनुभव येतो. ध्वनिक्षेपक खोलीच्या लांबीच्या एक तृतीयांश अंतरावर ठेवावेत असा एक लोकप्रिय संकेत आहे. तो अनेक खोल्यांत उपयोगी पडतो. पण या खोलीत काळी चारच्या खर्जास ती जागा सर्वांत वाईट, कारण तिसऱ्या तरंगाचा दाब तेथेच शिगेस पोहोचतो. एका पट्टीस मानवणारी जागा दुसऱ्या पट्टीस मानवेल असे नाही. म्हणून अनुभवी श्रोते ठराविक एकाच मुद्रिकेवर जागा पक्की करीत नाहीत.

दोन ध्वनिक्षेपकांचा काळ : ॲलन ब्लमलाइन यांनी १९३१ मध्ये द्विमार्गी (स्टीरिओ) ध्वनिमुद्रणाच्या एकस्वासाठी अर्ज केला, तेव्हाच दोन ध्वनिक्षेपकांमधील रिकाम्या जागेत गायक उभा असल्याचा आभास निर्माण करता येतो हे स्पष्ट झाले होते. १९३३ मध्ये बेल प्रयोगशाळेने फिलाडेल्फियातील वाद्यवृंद तीन मार्गांनी वॉशिंग्टनमधील सभागृहात पोहोचविला. घरात मात्र ही पद्धत १९५७–५८ मध्ये द्विमार्गी तबकड्या निघाल्यावरच आली. तिने मांडणीचे नियम उलटे केले. आभासी प्रतिमेसाठी दोन्ही ध्वनिक्षेपक व श्रोता यांचा साधारणपणे समभुज त्रिकोण व्हावा लागतो, दोन्ही बाजूंच्या भिंतींचे अंतर सारखे असावे लागते आणि ध्वनिक्षेपकांच्या मागे-बाजूस मोकळी जागा लागते. गटिंगेन येथे हेल्मूट हास यांनी १९४९ मध्ये सिद्ध केले होते की, थोड्या विलंबाने आलेला परावर्तित ध्वनी मूळ ध्वनीहून बराच मोठा असला, तरीही कान दिशा ठरवितो ती आधी आलेल्या ध्वनीवरूनच. या नियमामुळेच सामान्य खोलीत प्रतिमा टिकते. परंतु ध्वनिक्षेपकालगतच्या भिंतीवरून परतणारा ध्वनी फारच लवकर येतो. तो हासच्या नियमाचा फायदा मिळू देत नाही, प्रतिमा पुसट करतो.

खर्जास कोपरा हवा आणि प्रतिमेस मोकळीक हवी, हा झगडा तेव्हापासून चालू आहे. त्याला मिळालेली उत्तरे एकमेकांच्या विरुद्ध आहेत, हे या क्षेत्राचे एक गमतीचे वैशिष्ट्य होय. एडगर विल्चर यांनी १९५४ मध्ये बंद पेटीतील हवेलाच स्प्रिंगसारखे वापरून लहान पेटीतून खोल खर्ज काढला व पेटी फळीवर ठेवण्याजोगी केली. इंग्लंडमध्ये पीटर वॉकर यांनी १९५७ मध्ये बाजारात आणलेल्या क्वाड स्थिरविद्युत ध्वनिक्षेपकात पेटीच नव्हती. ताणलेला पातळ पडदा पुढे व मागे सारखाच ध्वनी टाकी आणि दोन्ही बाजूंना जवळजवळ काहीच टाकीत नसे. बाजूच्या भिंतींचा उपद्रव त्याने मिटविला. पण मागच्या भिंतीपासून त्याला दूर ठेवणे अपरिहार्य झाले. बंगाली वडिलांचे पुत्र असलेल्या अमर बोस यांनी १९६८ मध्ये नेमकी उलट भूमिका घेतली. त्यांच्या ध्वनिक्षेपकातील नऊ शंकूंपैकी आठ भिंतीकडे तोंड करून होते, कारण सभागृहातील बहुतांश ध्वनी परावर्तितच असतो असे त्यांचे म्हणणे. त्यात तथ्य आहे. मात्र सभागृहाचा निनाद मुद्रणात अगोदरच उतरलेला असतो आणि त्यावर घराचा निनाद चढविला, तर दोन वास्तू एकाच वेळी ऐकू येतात, हा त्यावरील आक्षेपही तितकाच खरा आहे.

मोजमापावर आधारलेले महत्त्वाचे पाऊल रॉय ॲलिसन यांनी १९७४ मध्ये टाकले. भिंत नेहमीच खर्ज वाढविते असे नाही, हे त्यांनी दाखविले. शंकूपासून भिंतीचे अंतर तरंगलांबीच्या चतुर्थांशाइतके असेल, तर परतणारी लाट उलट्या अवस्थेत येऊन मूळ लाट मारते. एक मीटर अंतरावरील भिंत सु. ८६ हर्ट्‌झचा स्वर खाते, तर ४० सेंमी. अंतरावरील भिंत सु. २१५ हर्ट्‌झचा. जमीन, मागची भिंत व बाजूची भिंत ही तिन्ही सारख्याच अंतरावर असतील, तर तिन्हींचा घाव एकाच स्वरावर पडतो. म्हणून ही तीन अंतरे एकमेकांपासून निराळी असावीत, हा ॲलिसन यांच्या कामाचा सर्वांत उपयुक्त निष्कर्ष होय. ध्वनिक्षेपक देखणे दिसावेत म्हणून कोपऱ्यापासून दोन्ही बाजूंना समान अंतर राखण्याची पद्धत घातक ठरते, ती यामुळेच.

मांडणीची रीत : प्रत्यक्ष काम गणितापासून सुरू होऊन कानावर संपते. प्रथम दोन्ही ध्वनिक्षेपक खोलीच्या आखूड भिंतीशी, ती पाठीशी राहील असे, ठेवून श्रोत्याची जागा ठरवितात; श्रोत्याच्या डोक्यामागे भिंत चिकटलेली नसावी, कारण तेथे सर्वच तरंगांचा दाब शिगेला असतो. काही वेळा क्रम उलटा करतात. खर्जाचा ध्वनिक्षेपक श्रोत्याच्या आसनावर ठेवून, एकच सलग खालचा स्वर वाजवीत, खोलीत ओणवे होऊन फिरतात. जेथे तो स्वर सम व स्वच्छ ऐकू येतो, तेथे ध्वनिक्षेपक ठेवतात. ध्वनीचा मार्ग दोन्ही दिशांनी सारखाच असल्याने ही युक्ती चालते. अमेरिकन निर्माते डेव्हिड विल्सन यांच्या नावाशी निगडित असलेल्या पद्धतीत माणूस भिंतीला पाठ लावून मोठ्याने बोलत पुढे येतो आणि ज्या पावलाशी आवाजातील भिंतीचा जडपणा सुटतो, तेथे जमिनीवर खूण करतो. अपरिचित जागी बसताच आकार लावून पाहणारा गवई नकळत हेच करीत असतो.

त्यानंतर हालचाल तळहाताच्या व शेवटी बोटाच्या मापाने करतात. दोन ध्वनिक्षेपकांत सामान्यतः २ ते ३ मी. अंतर ठेवतात. ते फार वाढले, तर मधला गायक विरघळतो आणि डावा-उजवा असे दोन ढीग उरतात. तोंडे आत वळविल्याने बाजूच्या भिंतीवर कमी ध्वनी पडतो व प्रतिमा रेखीव होते; अति वळविल्यास वरचे स्वर बोचतात. बाजूच्या भिंतीवर आरसा सरकवीत नेऊन, श्रोत्याच्या जागेवरून ज्या ठिकाणी त्यात ध्वनिक्षेपक दिसतो, तेथे वाकळ किंवा पुस्तकांचे कपाट ठेवल्यास पहिले परावर्तन शमते. धनगरी घोंगडे यासाठी उत्तम. मात्र घोंगड्याने खर्ज शमेल अशी अपेक्षा व्यर्थ आहे, कारण ६९ हर्ट्‌झच्या तरंगलांबीचा चतुर्थांश सव्वा मीटर भरतो आणि भिंतीवरचे बोटभर जाडीचे लोकरी कापड त्याच्या वाटेत येतच नाही. ध्वनिक्षेपकाखाली बसवावयाचे टोकदार पाय, महागड्या तारा इत्यादींविषयी बाजारात पुष्कळ बोलले जाते. एक वीत अंतराने होणाऱ्या फरकापुढे हे फरक अगदी किरकोळ होत.

मराठी घरे आणि ध्वनिक्षेपक : जत, आटपाडी, सांगोला या कोरड्या पट्ट्यातील जुने घर माळवदाचे असते. दगडी वा मातीच्या जाड भिंती, लाकडी तुळयांवर मातीचे सपाट छप्पर, सारवलेली जमीन आणि खणांच्या मापाने आखलेला, अंगणाकडे उघडा असलेला सोपा. यातील दगडी भिंत खर्ज जराही जाऊ देत नाही. परंतु सोप्याची उघडी बाजू तो मोकळेपणी बाहेर सोडते. ध्वनिकीच्या दृष्टीने उघडी जागा म्हणजे पूर्ण शोषण, आणि कृत्रिम साहित्याने एवढे शोषण खर्जात साधणे अतिशय खर्चिक असते. बंदिस्त माजघरात घुमणारा ध्वनिक्षेपक सोप्यात स्वच्छ वाजतो, तो या कारणाने. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सर्वत्र आलेल्या काँक्रीटच्या सदनिकांनी परिस्थिती पालटली. छतही भिंतींइतकेच कठीण झाले, खोल्या लहान व चौकोनाकडे झुकणाऱ्या झाल्या, आणि लांबी व रुंदी सारखी असली की तरंग जोडीने एकमेकांवर पडतात. त्यात दूरचित्रवाणी संच, कपाट व देव्हारा यांनी भिंती अडलेल्या. ध्वनिक्षेपक सव्वा मीटर पुढे ओढावा, तर येण्या-जाण्याची वाट बंद होते. घरातील मंडळींचा विरोध रास्तच असतो. उत्तम मांडणीस जी जागा लागते, ती दिवसभर इतरांच्या वापरातली असते. सकाळी भिंतीशी व ऐकण्यापुरते खुणेवर, असा तोडगा अनेक घरांत निघतो. वजन शंभर किग्रॅ.च्या पुढे गेले की तोही संपतो.

सांगलीस १९६३ मध्ये आकाशवाणी केंद्र आले. त्या काळात या भागातील घरांना एकमार्गी रेडिओ व क्वचित ध्वनिमुद्रिकायंत्र यांपलीकडे फारसे काही ठाऊक नव्हते. परदेशी ध्वनिक्षेपकांच्या आयातीवर १९९१ पर्यंत कडक निर्बंध होते. त्यामुळे मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर शंकू व तारा विकत घेऊन सुताराकडून पेटी करवून घेणारा हौशी वर्ग तयार झाला. स्वतः पेटी बांधणाऱ्याला खोलीचा अंदाज लवकर येतो, हा त्या टंचाईचा एक अनपेक्षित लाभ होता. पुढे पुण्यात केडन्स या उद्योगाने वरच्या स्वरांसाठी स्थिरविद्युत पडदा व खर्जासाठी शंकू असे संमिश्र मोठे ध्वनिक्षेपक तयार केले व ते परदेशांतही विकले गेले. पडदा दोन्ही बाजूंना वाजणारा व पेटी सर्व दिशांना पसरणारी असल्याने अशा जोडीची मागच्या भिंतीपासूनची जागा ठरविताना दोन निरनिराळ्या ध्वनिक्षेपकांचे हिशेब एकाच वेळी जुळवावे लागतात.

अंकीय दुरुस्ती : १९९० नंतर श्रोत्याच्या जागी ध्वनिग्राहक ठेवून खोलीचे मापन करणारी व त्यानुसार संदेश आधीच उलटा वाकविणारी अंकीय साधने मिळू लागली. फुगलेला खर्ज ती खाली आणू शकतात. मारला गेलेला स्वर मात्र त्यांना परत आणता येत नाही, कारण जेवढी शक्ती वाढवावी, तेवढीच उलटी लाटही वाढते. शिवाय एका आसनावरची दुरुस्ती शेजारच्या आसनावर बिघाड ठरू शकते. टॉड वेल्टी यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात एकाऐवजी दोन वा चार खर्ज-ध्वनिक्षेपक भिंतींच्या मध्यांवर किंवा कोपऱ्यांत ठेवल्यास अनेक आसनांवर खर्ज बराच सम होतो असे दिसून आले. मुख्य ध्वनिक्षेपक प्रतिमेसाठी मोकळ्यात व खर्ज भिंतीशी, अशी विभागणी त्यामुळे शक्य झाली आणि १९५८ पासूनचा झगडा बऱ्याच अंशी मिटला. मात्र त्यासाठी खोलीत आणखी पेट्या मावावयास हव्यात.

अब्दुल करीमखाँ यांच्या १९३० नंतरच्या दशकातील विद्युत् मुद्रिका आणि त्यापूर्वीच्या भोंग्याच्या मुद्रिका या दोन्ही आता अंकीय स्वरूपात ऐकावयास मिळतात. त्या एकमार्गी आहेत. दोन मोठ्या ध्वनिक्षेपकांतून एकच ध्वनी आला, म्हणजे डोके जराशा अंतराने हलविताच काही वरचे स्वर मारले जातात व आवाजाचा पोत बदलतो. म्हणून अशा मुद्रिकांसाठी एक ध्वनिक्षेपक बंद करून दुसरा श्रोत्यासमोर ठेवणे श्रेयस्कर असते. भोंग्याच्या मुद्रिकांत खर्ज नसल्याने तो कोपऱ्यात ठेवला तरी चालतो.